नुसती चव बघितली, खाल्लं कुठं?

"किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय, पाणी?"

"दारू हो."

मी टेबलावर उताणा पडलो होतो. सदरा छातीवर गोळा केलेला, गळ्यातलं इष्टलिंग घरंगळून काखेत गेलेलं. ते तसंच दोऱ्यानं ओढून मी डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं. "हे बघताय न्हवं? आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी थेंब शिवलेला न्हाय!" आवाज एवढा चढला, की बाहेर बाकावर बसलेली माझी बायको गौराबाई पडदा सारून आत आली. तिला वाटलं, सुई टोचली.

डॉक्टर काही चिडले नाहीत. माझ्या उजव्या बरगडीखाली चार बोटं रुतवून म्हणाले, "श्वास घ्या. सोडा. लिव्हर तीन बोटं खाली आलंय तुमचं. त्यावर चरबी चढलीय. अशी लिव्हरं मला पिणाऱ्यांचीच बघायला मिळतात, म्हणून विचारलं."

"बरं होतंय का हे?" गौराबाईनं विचारलं.

"आत्ता आवरलं तर होतं. नाही आवरलं तर ते हळूहळू निबर होत जातं, मग पोटात पाणी धरतं. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

मी त्या वेळी बेचाळीस वर्षांचा होतो. बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती, बाजार पुन्हा भरायला लागला होता, आणि आता माझे चार दिवस बरे येणार असं मी धरून चाललो होतो. दवाखान्यातून आम्ही टांग्यानं घरी आलो. घरात शिरल्यावर गौराबाई एवढंच म्हणाली, "खरं सांगा, पीत न्हाय न्हवं?"

सतरा वर्षं संसार केलेल्या बायकोनं हे विचारावं! त्या दिवशी मला आजारापेक्षा तेच जास्त लागलं.

माझी जीभ

मी कोण ते आता सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं नाव मल्लिनाथ, पण अख्खी मंगळवार पेठ मला मल्लण्णा म्हणते. आमचा धंदा लोण्या-तुपाचा. मोहोळ, अक्कलकोट, बार्शी, सगळीकडून बाया लोणी कढवून तुपाचे डबे घेऊन यायच्या आणि मी ते पारखून हलवायांना, मठांना, लग्नाघरांना द्यायचो. पारख माझ्या वडलांनी शिकवली. "तूप जिभेला विचारायचं," ते म्हणायचे, "बाकी सगळे खोटं बोलतात." डब्याचं झाकण उघडायचं, बोट बुडवायचं, जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे. म्हशीचं का गाईचं, ताजं का शिळ्या लोण्याचं, वनस्पती तूप मिसळलंय का, सगळं सांगायचो. "मल्लण्णांनी चव बघितली का?" असं हलवाई विचारायचे. बघितली म्हटलं, की डबा पुढं.

आता मला सांगा, एवढा माझा तोरा, आणि बरगडीखालच्या जडपणाकडे मी वर्षभर काणाडोळा केला. जिना चढताना दम लागायचा. जेवण झालं, की उजवीकडं कुणीतरी उशी कोंबल्यासारखं वाटायचं. धोतराची गाठ पोटाच्या खाली खाली सरकत चाललेली. मी म्हणायचो, खात्यापित्या घरचा माणूस आहे, पोट सुटणारच की.

उसाचा रस

लिव्हर बिघडलं हे कळल्यावर आमच्या नात्यागोत्यात एकच अर्थ निघाला: कावीळ. डॉक्टर काय म्हणाले ते कोण ऐकतंय! माझा मेहुणा श्रीपूरच्या साखर कारखान्यात कामाला. त्यानं दुसऱ्याच दिवशी मोळीभर ऊस पाठवला आणि निरोप दिला, "दाजीस्नी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर रस द्या, लिव्हर धुऊन निघतंय." कुणी बत्तासे आणले. कुणी सांगितलं, दुधावरची साय खडीसाखर घालून द्या, अंगात ताकद पायजे. मी सगळं घेतलं. गोड कुणाला नको असतं?

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा बोटं रुतवली आणि म्हणाले, "साडेतीन." मग रसाचं कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, तुमची कावीळ नाहीय! हे गोड आणि साय सगळं तिथंच जाऊन बसतंय. दवाखान्यात भरती व्हा. सुईनं एक कण काढून तपासायला पाठवतो, म्हणजे माझीही खात्री होईल."

खाट क्रमांक सात

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे गिरणीचा भोंगा झाला, की झाडूवाली यायची, मग थर्मामीटर, मग पातळ चहा, मग डॉक्टरांची फेरी. सुई घातली त्या दिवशी मला सहा तास उजव्या कुशीवर निजवलं आणि हलू नका म्हणून दम दिला. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. भिंतीचा रंग पोपडे धरलेला. त्या पोपड्यांकडं बघत मी मनातल्या मनात लेकीचं वय मोजलं, गौराबाईचं मोजलं, आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडलो. वॉर्डातल्या सिस्टर आल्या, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि उशी नीट करून गेल्या. त्यांचं नावही मला माहीत नाही, पण तो हात विसरणार नाही.

शेजारच्या खाटेवर नरसय्या होता. यंत्रमागावरचा विणकर, साठीला टेकलेला, हातपाय काटक्या आणि पोट मात्र पाण्यानं तट्ट फुगलेलं. शिंदीच्या दारूनं त्याचं लिव्हर खाल्लेलं. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "काय पीत होतास, मल्लण्णा?" मी म्हणालो, "काहीच न्हाय." तो एवढा हसला, की त्याला खोकला लागला. "मीबी पहिल्यांदा डॉक्टरला हेच बोललो."

मला त्याचा राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

चंद्राबाई भेटायला आली

चौथ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला चंद्राबाई आली. मोहोळजवळच्या खेड्यातली, पंधरा वर्षं आम्हाला तूप घालणारी. येताना पदराखाली तुपाची छोटी बरणी.

"अण्णा, कसं हाय आता?" असं विचारून तिनं हळूच बरणी पुढं केली. "मोठा डबा दुकानात ठिवलाय. हलवाई म्हनतोय, मल्लण्णांची जीभ लागल्याबगर घ्यायचा न्हाय. येवडी चव बघा की, म्हंजी मी सुटले."

मी काय केलं असेल? चार दिवस वॉर्डाचा बेचव वरणभात खाल्लेला. बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. "म्हशीचं. परवाचं. एक नंबर. सांग जा त्याला."

ती खूश होऊन गेली. मी बोट चाटून पुसत होतो तेवढ्यात नरसय्या म्हणाला, "आता काय केलास तू?"

"चव बघितली."

"डॉक्टरनं तूप बंद केलंय न्हवं?"

"बंदच आहे. नुसती चव बघितली, खाल्लं कुठं?"

नरसय्या कोपरावर उठून बसला. त्याला ते सोपं नव्हतं, पोट आड यायचं. "मल्लण्णा," तो म्हणाला, "मीबी आधी नुसती चवच बघत होतो. दुकानदार माझा दोस्त. म्हणायचा, बघ रे, आज कशी उतरलीय." थोडा वेळ दम खाऊन त्यानं विचारलं, "दिवसाला किती डबे येतात तुझ्याकडे?"

मी बोट चादरीला पुसलं. पण खाटेच्या पलीकडं गौराबाई माझे कपडे पिशवीत भरत बसली होती. तिचे हात थांबलेले मला दिसले.

वाटी

घरी आल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी गौराबाई दुकानात येऊन बसली. आमच्यात तेव्हा बाया दुकानात बसत नसत. आजूबाजूचे माना वळवून बघायला लागले. तिनं पदर डोक्यावर घेतला, मांडीसमोर पितळेची वाटी ठेवली आणि मला म्हणाली, "तुमी तुमचं काम करा. फकस्त येक करायचं. जेवडं बोटावर घेऊन तोंडात घालताय, तेवडंच दुसऱ्या बोटानं हितं वाटीत टाकायचं."

"खुळी झालीस काय? लोक हसतील."

"हसू दे की."

पहिला डबा, दुसरा डबा. वाटीच्या तळाला नुसता चकचकाट. मी तिच्याकडं बघून मिशीत हसलो. दहाव्या डब्यानंतर हसणं कमी झालं. एखाद्या डब्याची चव वरून, मधून, तळातून अशी तीनदा बघावी लागते, ते माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा वाटी काठोकाठ भरलेली होती. पितळेची, आमटीची वाटी. गौराबाईनं ती उचलून माझ्या तोंडासमोर धरली. "प्या," म्हणाली. "येका घोटात प्या बघू."

मला ओकारी आली. खरोखर दुकानाच्या पायरीवर जाऊन ओकलो. आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत रडत होती. "मी म्हनत होते, माझ्या हातात काय चुकतंय. भाजीत तेल कमी केलं, पोळीवर तूप घालायचं सोडलं, आनि तुमी हितं रोज वाटीभर..."

दुसऱ्या दिवशी वाटी फडक्यात बांधून आम्ही डॉक्टरांकडं गेलो. सुईच्या कणाचा रिपोर्ट आलेला होता: चरबी, पण लिव्हर अजून निबर झालं नव्हतं. डॉक्टरांनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "रोज?"

"बाजाराच्या दिवशी. बाकी दिवशी निम्मी."

"आणि मी तुमचं तोंड हुंगत बसलो होतो!" असं म्हणून ते हसले. मग कागद घेऊन त्यांनी सगळं लिहून दिलं. तूप, लोणी, साय, खवा बंद. दूध चालेल, पण तापवून गार करून साय काढलेलं. त्याच दुधाचं दही चालेल. ताक हवं तेवढं प्या, लोणी काढलेलं. साखर, गूळ, उसाचा रस, काकवी यांना हात लावायचा नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, मुगाचं वरण. शेंगाचटणी चिमटीभर, वाटीभर नाही. आणि रोज सकाळी चालायचं. "आणि मल्लिनाथराव," शेवटी म्हणाले, "चव बघणं हे खाणंच असतं. पोटाला धंदा कळत नाही."

ताट

पुढचे दोन महिने मी घरात वाघासारखा वागलो. त्याची मला लाज वाटते, पण लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात आज हेच चाललं असेल.

पथ्य अवघड नव्हतं. गौराबाईनं काय काय नाही केलं! पातळ ताकात लसूण-जिरं घालून ज्वारीच्या पिठाची आंबील, कडक भाकरी चुरून त्यावर ताक, हरभऱ्याची पानं, साय काढलेल्या दुधाचं पाण्यासारखं, पण गोडसर दही. अवघड होतं ते दुकान. जीभ लावायची नाही, तर मी तिथं कशाला बसू? डबे येत होते, बाया तोंडाकडं बघत उभ्या राहत होत्या आणि मी म्हणत होतो, "ठेवून जा, बघतो." पेठेत कुजबुज सुरू झाली, मल्लण्णाची जीभ गेली. शेजारचा पारखी तर मोठ्यानं म्हणाला, "पिऊन पिऊन जीभ जड झाली असंल."

त्या दिवशी घरी येऊन मी ताट भिरकावलं. आंबील भिंतीवर उडाली. "मरू दे मला," म्हणालो, "पण पारखी म्हणून मरू दे. जिभेशिवाय मी कोण आहे?"

गौराबाईनं भिंत पुसली. फडकं पिळलं. मग उभी राहून कमरेवर हात ठेवून तिनं मला जे सुनावलं, तसं माझ्या वडलांनीही कधी सुनावलं नव्हतं.

"सतरा वरसं या घरात नैवेद्य करतीय मी. लिंगाला दाखवायच्या आधी कधी जिभेवर कण ठिवलाय का? उष्टं होतंय न्हवं? पुरणात गूळ किती, आमटीत मीठ किती, तूप कढलं का न्हाय, कोन सांगतंय मला? येकदा तरी तुमच्या पानात खारट पडलंय?"

खरंच कधी पडलं नव्हतं.

"तुमाला येक जीभच हाय व्हय? नाक न्हाय? कान न्हाय? हात न्हाईत?"

चव न बघता

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. मास्तरीण गौराबाई, विद्यार्थी मी, आणि चुलीसमोर पाच वाट्या.

तिनं शिकवलं, लोणी कढताना तडतड ऐकायची. आवाज मोठा असेपर्यंत पाणी आहे. तो बारीक होत होत थांबला, की तूप झालं. तयार तूप तापल्या पळीत टाकलं आणि ते पुन्हा तडतडलं, तर कुणीतरी घाई केलेली आहे. हाताच्या पाठीवर चोळून वास घ्यायचा, लगेच नाही, जरा थांबून, कारण पहिला वास डब्याचा असतो, दुसरा तुपाचा. तळव्यावर कणी ठेवायची. चांगलं तूप अंगाच्या उबेनं आपसूक विरघळतं, वनस्पती मिसळलेलं मेणासारखं बसून राहतं आणि हात धुतला तरी चिकट लागतो.

मी चुकलो. लई वेळा चुकलो. पहिल्या महिन्यात एक करपलेला डबा मी चांगला म्हणून पुढं पाठवला आणि हलवायानं तो परत आणून माझ्या पायरीवर आपटला. कधी बोट आपोआप तोंडाकडं जायचं. गौराबाई चुलीपाशी असली, की नुसतं म्हणायची, "साकु!" आमच्या कानडीत त्याचा अर्थ पुरे. ती नसली तरी मला ते ऐकू यायला लागलं आणि बोट खाली यायचं.

सकाळी चालायला जायचो तो तलावापर्यंत. परत येताना नरसय्याच्या घरावरून यायचो. त्याच्या मुलांनी त्याला दवाखान्यातून घरी आणलं होतं. मी दारात थांबलो, की तो विचारायचा, "बोट?" मी दोन्ही हात वर करून दाखवायचो. दसऱ्याच्या आधी तो गेला. त्याच्या तिरडीला मी खांदा दिला. एवढं वजन मी उचलून चालू शकलो, ते त्याच्यामुळंच.

तीन डबे

दिवाळीच्या आधी हलवायांची गर्दी होते. त्या दिवशी त्यांच्यातला सगळ्यात मोठा हलवाई, तोच पायरीवर डबा आपटणारा, तीन डबे घेऊन आला. मागोमाग शेजारचा पारखी, मागोमाग अर्धी पेठ. "मल्लण्णा," हलवाई म्हणाला, "एकात वनस्पती आहे, मला माहीत आहे कशात. तुम्ही जिभेशिवाय सांगा. चुकलात, तर पुढच्या वर्षापासून मी पलीकडं जाणार."

मी बाह्या सरकवल्या. पहिला डबा. तळव्यावर ठेवलं, विरघळलं, वास घेतला. "गाईचं. चांगलं." दुसरा. तळव्यावर बसून राहिलं. हलेना. "हे न्या परत, यात वनस्पती आहे." हलवायाचा चेहरा बदलला. माणसं ओरडली. शेजारचा पारखी म्हणाला, "नशीब."

तिसरा डबा मी सावकाश घेतला. पळीत टाकलं, आवाज नाही. हातावर चोळलं, थांबलो, वास घेतला. आणखी थांबलो. "हे म्हशीचं आहे आणि शुद्ध आहे. पण लोणी दोन दिवस जास्त साठवलेलं आहे. आणि हा हात चंद्राबाईचा."

गर्दीच्या मागं चंद्राबाई उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! व्हय की अण्णा! लेक बाळात झाली, म्हून कडवायला दोन दीस उशीर झाला. कोनाला सांगितलं न्हवतं मी!"

पेठ दणाणली. कुणीतरी मला उचललं आणि त्यांना उचलता आलं, कारण मी तोवर चांगला हलका झालो होतो. दोन दिवसांचा उशीर माझ्या जिभेनं जन्मात सांगितला नसता. मी घराकडं धावत गेलो. जिना चढून वर पोचलो तेव्हा मला दम लागलेला नव्हता, हे गौराबाईला सांगता सांगता माझ्या लक्षात आलं.

पुन्हा ते टेबल

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं. सदरा वर, लिंग काखेत. बोटं बरगडीखाली रुतली. "श्वास घ्या." घेतला. "अजून मोठा." घेतला. त्यांनी बोटं सरकवली, दाबली, पुन्हा सरकवली. पडद्यामागं गौराबाईच्या बांगड्याही वाजेनात.

"लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

"काय लागत न्हाय?"

"लिव्हर, मल्लिनाथराव! ते गेलंय आपल्या जागेवर, बरगडीच्या आत." मग चष्मा काढून, तोंड गंभीर करून त्यांनी विचारलं, "किती पिता?"

"दोन तांबे," मी म्हणालो. "ताक!"

ते एवढ्या मोठ्यानं हसले, की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

आठवड्यातून एकदा भातावर अर्धा चमचा तूप चालेल, असं त्यांनी सांगितलं. त्या सोमवारी गौराबाईनं भात केला. पूजा झाली, लिंगाला नैवेद्य दाखवला, मग तिनं माझं ताट वाढलं आणि चंद्राबाईच्या तुपाचा अर्धा चमचा, मोजून, भातावर सोडला. मी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती, जशी बाजारातल्या बाया बघायच्या.

"कसलं हाय?" तिनं विचारलं. "ताजं का शिळं? सांगा की."

"काय म्हायीत," मी म्हणालो. "मी जेवतोय."